पक्षाघाताचे अज्ञात कारण
ज्या पक्षाघाताचे कारण सापडत नाही, त्याचे मूळ कधीकधी मानेत असते. मेंदूस रक्त नेणाऱ्या मानेतील धमनीचा या विकाराशी असलेला संबंध मॉन्ट्रियलचे डॉ. मिलर फिशर यांनी १९५१ साली विशद केला. पुढे धमनी निम्म्याहून अधिक अरुंद असेल तरच तिला दोष देण्याचा प्रघात पडला. परंतु धमनीतील मेदाचा थर लहान असूनही त्याचे आवरण फाटले, तर तेथील गुठळी सुटून मेंदूत अडकू शकते. म्हणून थर किती आहे, तसाच तो कसा आहे, हेही वैद्यांकडून तपासून घ्यावे. पेढीवर बसले असता एका डोळ्यापुढे क्षणभर अंधार आला, हात लुळा पडला वा वाचा अडखळली आणि लगेच सारे पूर्ववत झाले, तरी खाते मिटले असे समजू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.