तांबडा डगला

जुन्या लढायांची चित्रे पाहताना एक शंका मनात आल्यावाचून राहत नाही. चित्रातील ब्रिटिश शिपाई तांबडा डगला घालून, छातीवर पांढरेशुभ्र पट्टे बांधून आणि डोक्यावर उंच टोपी चढवून उघड्या मैदानात ताठ उभा असतो. शत्रूची गोळी चुकवावी असे ज्याला वाटेल, तो मातीच्या किंवा झाडाझुडपांच्या रंगाचे कपडे घालील. मग या शिपायाला कोसभर दूरवरूनही नजरेत भरेल असा पोशाख का बरे दिला असेल?

रक्ताचे डाग दिसू नयेत म्हणून तांबडा रंग निवडला, असे पुष्कळदा सांगतात. पण ते खरे नाही. वाळलेले रक्त काळपट पडते आणि तांबड्या कापडावरही ते दिसते. शिवाय या शिपायाची विजार पुष्कळदा पांढरी असे. खरे कारण शोधायचे, तर त्या काळचा बाजार आणि त्या काळची बंदूक यांच्याकडे पाहिले पाहिजे.

इंग्लंडात राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी चालू असता १६४५ साली पार्लमेंटने एक नवी फौज उभारली. त्या फौजेला तांबडे डगले देण्यात आले. आपल्याकडील मंजिष्ठेच्या जातीचीच एक वनस्पती युरोपात होते. तिच्या मुळांपासून तांबडा रंग निघतो आणि तो स्वस्त पडतो. हजारो शिपायांना एकसारखे कपडे द्यायचे, तर स्वस्ताई पाहणे भागच होते. अधिकाऱ्यांचे डगले मात्र निराळे. अमेरिकेतील निवडुंगावर वाढणाऱ्या बारीक किड्यांपासून काढलेला महाग किरमिजी रंग त्यांच्यासाठी वापरीत. म्हणून अधिकाऱ्याचा डगला झगझगीत लाल दिसे आणि साध्या शिपायाचा विटकरी. ऊनपावसाने हा विटकरी रंग लवकरच उडे. डगला पावसात भिजला, की तो पांढऱ्या पट्ट्यांवरही उतरे.

आता बंदुकीचा विचार करू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिपायांच्या हाती चकमकीची, ठासणीची बंदूक होती. शिपाई काडतूस दातांनी फोडी, दारू व गोळी नळीत घालून गजाने ठाशी आणि मग बार काढी. तरबेज शिपायालाही मिनिटाला तीनांहून अधिक बार काढणे कठीण जाई. नळी आतून गुळगुळीत असल्यामुळे शंभर वारांपलीकडे नेम लागण्याची खात्री नसे. म्हणून एकट्यादुकट्याने नेम धरण्यापेक्षा शेकडो शिपायांनी खांद्याला खांदा लावून, एकामागे एक अशा दोन ओळींत उभे राहून एकदम बार काढणे अधिक परिणामकारक ठरे. पण काळ्या दारूचा धूर इतका दाट असे की, दोनचार वेळा बार झाल्यावर समोरचे काहीच दिसेनासे होई. अशा धुरात आपला कोण व परका कोण हे ओळखण्यासाठी भडक रंगाचा मोठा उपयोग होता. जेथे लपून लढायचेच नव्हते, तेथे लपविणारा रंग काय कामाचा?

सगळे डगले तांबडे असले तरी प्रत्येक पलटणीची खूण वेगळी होती. कॉलर आणि बाह्यांची दुमड यांचा रंग पाहून पलटण ओळखता येई. ४४ व्या पलटणीची दुमड पिवळी, ३३ व्या पलटणीची तांबडीच, तर राजाच्या नावाचा मान मिळालेल्या पलटणींची निळी असे. गुंड्यांवर पलटणीचा क्रमांक कोरलेला असे. १८०२ पासून हवालदार व नाईक यांच्या बाहीवर फितींचे कोन आले. टोपीच्या तुऱ्यावरूनही ओळख पटे: पांढरा तुरा धिप्पाड ग्रेनेडियर शिपायांचा, हिरवा तुरा चपळ हलक्या तुकडीचा आणि अर्धा पांढरा, अर्धा तांबडा तुरा बाकीच्यांचा. जणू शिपायाच्या अंगावर त्याचे नावगावच लिहिलेले असे.

परंतु हा देखणा पोशाख ज्याने घालायचा, त्याच्या सुखाचा विचार फार थोडा केलेला होता. मान ताठ राहावी म्हणून गळ्याभोवती कातड्याचा कडक पट्टा आवळीत. त्यामुळे धड खाली पाहणेही अवघड होई. १८०० साली आलेली उंच टोपी शिपाई अधिक उंच दिसावा म्हणून केलेली होती. उन्हापासून अथवा तलवारीच्या घावापासून ती फारसे रक्षण करीत नसे. छातीवर एकमेकांस छेदणारे दोन पट्टे असत. एकाला काडतुसांची पेटी व दुसऱ्याला संगीन लटकत असे. शाडूसारखी पांढरी माती फासून हे पट्टे रोज शुभ्र करावे लागत. डाव्याउजव्या पायांचे बूट वेगळे नसत. दोन्ही एकाच साच्याचे असत. बंदूक, ६० काडतुसे, घोंगडी, अन्न, पाणी आणि पाठपिशवी असे सगळे मिळून सुमारे ६० पौंडांचे, म्हणजे २७ किलोंचे ओझे घेऊन शिपायाला चालावे लागे. लांब केसांची वेणी घालण्याचीही सक्ती होती. १८०८ साली ही वेणी बंद झाली, तेव्हा शिपायांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल यात नवल नाही.

कपड्यांचा कारभारही विचार करण्यासारखा होता. शिपायांच्या कपड्यांसाठी सरकार पलटणीच्या कर्नलला ठराविक रक्कम देई. कपडे कमी खर्चात झाले, तर उरलेली रक्कम कर्नलची होई. शिपायाला वर्षाकाठी एक डगला मिळे आणि जुना डगला कापून त्याची बंडी शिवीत.

हा तांबडा डगला महाराष्ट्राच्या भूमीनेही पाहिला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आताच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ शिंदे व भोसले यांच्या सैन्याशी आर्थर वेलस्ली याने लढाई केली. सुमारे वीस मैलांची वाटचाल करून त्याच दिवशी त्याच्या फौजेने लढाईला तोंड दिले. ७४ वी व ७८ वी या स्कॉटलंडच्या पलटणी तीत होत्या. त्यांच्या बरोबरीने मद्रासचे हिंदी शिपाईही कंपनी सरकारचे तांबडे डगले घालून लढले. शिंद्यांच्या तोफांपुढे ७४ व्या पलटणीची भयंकर हानी झाली. तांबडा रंग पलटणीला एकत्र ठेवू शके. तोफेच्या गोळ्यापासून तो कोणाचेही रक्षण करू शकत नसे.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८०८ ते १८१४ या काळात पोर्तुगाल व स्पेन येथे फ्रेंचांशी लढताना त्याच्या शिपायांचे कपडे फाटून गेले. कोणी मिळेल त्या तपकिरी कापडाची ठिगळे लावली, तर कोणी वेगळ्याच रंगाच्या विजारी शिवल्या. वेलिंग्टनने त्याबद्दल फारशी कुरकूर केली नाही. शिपायाची बंदूक नीट आहे ना आणि काडतुसे पुरी आहेत ना, हे तो पाहत असे. पुढे पांढऱ्या विजारीच्या जागी मळखाऊ करडी विजार आली. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव करणारे पुष्कळ शिपाई अशाच करड्या विजारी घालून उभे होते.

याच काळात बदलाचे एक बीज पेरले गेले होते. १८०० साली ब्रिटिश सैन्यात रायफलधारी शिपायांची एक तुकडी प्रयोगादाखल उभारली गेली. तीच पुढे ९५ वी पलटण झाली. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असल्याने गोळी गरगर फिरत सरळ जाई आणि दोनशे वारांवरही नेम लागे. हे शिपाई जोडीजोडीने, झाडाझुडपांचा व दगडधोंड्यांचा आडोसा घेऊन लढत. म्हणून त्यांना गर्द हिरवा पोशाख आणि काळे पट्टे दिले. हत्यार बदलले, लढण्याची रीत बदलली आणि तिच्या मागोमाग कपडाही बदलला.

बाकीच्या सैन्याला मात्र हा धडा गिरविण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. १८४६ साली पेशावर येथे उभारलेल्या ‘गाइड्स’ या पथकाने धुळीच्या रंगाचे कपडे स्वीकारले. फारसी भाषेत ‘खाक’ म्हणजे धूळ. त्यावरून ‘खाकी’ हा शब्द आला. ‘जळून खाक होणे’ या आपल्या वाक्प्रचारातही हाच शब्द आहे. १८८४ साली फ्रान्समध्ये बिनधुराची दारू तयार झाली आणि रणांगण स्वच्छ दिसू लागले. आता तांबडा डगला ही ओळखीची खूण न राहता शत्रूला आयते लक्ष्य झाला. अखेर १९०२ साली ब्रिटिश सैन्याने मायदेशातही रोजच्या सेवेसाठी खाकी पोशाख घेतला. तांबडा डगला समारंभापुरता उरला. लंडनच्या राजवाड्यापुढील पहारेकऱ्यांच्या अंगावर तो आजही दिसतो.

पोशाख पाहून माणसाचे डोळे दिपतात. पण वस्तुसंग्रहालयातील काचेआड एखादा जुना डगला दिसला, तर त्याची झळाळी पाहून थांबू नये. त्याचा रंग कशामुळे निवडला, तो कोणाला परवडला आणि कोणाला बोचला, हेही विचारावे. तो अंगात घालून ओझ्याखाली वाकलेला, तरीही मान ताठ ठेवणारा एक साधा शिपाई त्या डगल्यामागे उभा असतो. त्याची आठवण ठेवली, तरच तो डगला आपल्याला खरा इतिहास सांगू लागतो.

अभ्यास

१. तांबडा रंग निवडण्याची कोणती कारणे पाठात दिली आहेत?
२. शिपाई कोणत्या पलटणीचा आहे, हे पोशाखावरून कसे ओळखता येई?
३. पुढील विधानाची सत्यता पाठातील दोन उदाहरणांनी पटवून द्या: ‘हत्यार बदलले की कपडाही बदलतो.’
४. वाक्यांत उपयोग करा: नजरेत भरणे, सुटकेचा निःश्वास टाकणे, तोंड देणे, डोळे दिपणे, जळून खाक होणे.
५. ‘मी एक जुना डगला बोलतो आहे’ अशी कल्पना करून दहा ओळी लिहा.