लेक पुण्याला शिकायला चालली? आधी खोलीचा हिशोब मांडू या



बारावीचा निकाल लागला की गटात कर्जाची मागणी वाढते. कॉलेजची फी आपण बरोबर धरतो, पण मुलगी शहरात राहणार कुठे आणि त्याला दर महिन्याला किती लागणार, हे कागदावर येत नाही. मग दिवाळीपर्यंत घरातली शिल्लक संपते आणि लेकीला परत बोलवायची वेळ येते. तसं होऊ नये म्हणून हा पाठ.

सगळ्यात आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरा. तिथे नंबर लागला तर राहण्या-जेवणाचा मोठा खर्च वाचतो. नाहीच लागला, तर खोलीचा हिशोब दोन वेगळ्या कागदांवर करा.

कागद पहिला : एकदाच लागणारा पैसा

समजा, तिघी मुलींनी मिळून १२,००० रुपये भाड्याची खोली घेतली. मालकाने तीन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं. एकीच्या वाट्याला असं येईल :

डिपॉझिट – १२,०००
पहिलं भाडं – ४,०००
एजंटचं कमिशन – ४,०००
करार नोंदणी – ६००
गादी, बादली, भांडी – २,५००
पहिल्या महिन्याची मेस – ३,०००
एकूण – २६,१००

भाडं ऐकलं होतं चार हजार, आणि पहिल्याच महिन्यात लागले सव्वीस हजार! इथेच आपली फसगत होते.

कागद दुसरा : दर महिन्याचा पैसा

भाडं – ४,०००
मेस – ३,०००
वीज-पाणी – ४००
बस व मोबाईल – १,१००
वह्या व किरकोळ – ५००
एकूण – ९,०००

सुट्टीत मुलगी घरी आली की मेस बंद करता येते, भाडं मात्र चालूच राहतं. ११ महिन्यांचं भाडंच ४४,००० होतं.

कर्ज कशासाठी घ्यायचं?

डिपॉझिटसाठी गटाचं कर्ज घेतलं तर चालेल, कारण तो पैसा परत येतो आणि पुढच्या वर्षी तोच वापरता येतो. महिन्याच्या भाड्यासाठी मात्र कर्ज काढू नका. ते भाडं दूध, शिलाई, मजुरी अशा नेहमीच्या कमाईतूनच गेलं पाहिजे. आणि एक विसरू नका : १२,००० चं कर्ज १० हप्त्यांत, महिना १ टक्का व्याजाने घेतलं, तर पहिला हप्ता १,३२० रुपये होतो. म्हणजे महिन्याला ९,००० नाही, १०,३२० लागतील. एवढं जमत नसेल तर थोडी लांबची खोली बघा किंवा चौघी मिळून राहा. पण बसचा वाढीव खर्च त्यात धरा.

योजनेचा आधार

वसतिगृह न मिळालेल्या, अटींत बसणाऱ्या मुलामुलींना अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम् आणि इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. स्वाधारमध्ये पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये आहेत : जेवण ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. आपलं भाडं आहे ४४,०००, म्हणजे २४,००० चा फरक राहतोच. शिवाय हा पैसा हप्त्याने खात्यात येतो; त्याच्या भरवशावर पहिलं भाडं ठरवू नका.

पैसे देताना

डिपॉझिट शक्यतो बँकेतून द्या, पावती घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. डिपॉझिट किती, कधी परत मिळणार, खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे करारात वाचूनच सही करा. समजलं नाही तर विचारा, त्यात लाज कसली? पहिल्याच दिवशी खोलीचे फोटो काढून ठेवा, म्हणजे आधीची मोडतोड आपल्या माथी येणार नाही.

पुढच्या बैठकीत

ज्यांची मुलं यंदा शहरात जाणार आहेत, त्या ताईंनी दोन्ही कागद भरून आणावेत. सगळ्या मिळून बेरीज तपासू या. कर्ज मंजूर करण्याआधी अध्यक्ष-सचिवांनी एवढंच विचारावं : "ताई, दुसऱ्या कागदाचा पैसा कुठून येणार?" उत्तर तयार असेल, तर लेक निर्धास्त शिकेल.