माल परका, रस्ता परका : मुलांच्या एका चॅनेलचा हिशेब

या पानावर आम्ही सहसा सूत, साडी, लुंगी आणि उधारी यांवर लिहितो. आज टेलिव्हिजनवर लिहीत आहोत म्हणून वाचकांनी दचकू नये. मुलांनी कार्टून बघावे की बघू नये हा सवाल उलमांचा आणि आई-वडिलांचा आहे. तो येथे काढायचा नाही. येथे फक्त तिजारतीचा हिशेब मांडायचा आहे.

हिशेब इंग्लंडमधील एका चॅनेलचा आहे. त्याचे नाव द चिल्ड्रन्स चॅनेल, लोक त्याला टी.सी.सी. म्हणत. १ सप्टेंबर १९८४ रोजी ते सुरू झाले आणि एप्रिल १९९८ मध्ये बंद झाले. साडेतेरा वर्षे चाललेली पेढी नालायक माणसांची असू शकत नाही. भांडवल होते, मागणी होती, नाव घरोघरी ठाऊक होते. आणि ज्या वर्षांत मुलांच्या टेलिव्हिजनचा धंदा इंग्लंडमध्ये सर्वात जोराने वाढला, नेमक्या त्याच वर्षांत या जुन्या पेढीला कुलूप लागले. बाजार मंदावला म्हणून दुकान बुडाले तर समजू शकते. बाजार भरभराटीला आला आणि दुकान बुडाले, हे मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. आमच्या कापडबाजारात असे दर दहा-पंधरा वर्षांनी घडते आणि आपण ते नशिबावर टाकून मोकळे होतो.

१९८४ मध्ये इंग्लंडमध्ये चारच चॅनेल होती : बी.बी.सी.ची दोन, आय.टी.व्ही. आणि नुकतेच निघालेले चॅनेल फोर. मुलांसाठी कार्यक्रम लागत ते प्रामुख्याने दुपारी शाळा सुटल्यावर तास-दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी. बी.बी.सी. लायसन्स फीवर चालते, आय.टी.व्ही. जाहिरातींवर. पाहणाऱ्याला त्या कार्यक्रमांसाठी वेगळा पैसा मोजावा लागत नसे. या बाजारात कोणाच्या तरी मनात आले की मुलांचे दुकान दिवसभर उघडे ठेवले तर? थेम्स टेलिव्हिजन, थॉर्न ई.एम.आय. आणि ब्रिटिश टेलिकॉम यांसारखी मोठी घराणी भागीदार झाली. म्हणजे पैशाची चणचण नव्हती, अडचण गिऱ्हाईकाची होती. कार्यक्रम उपग्रहावरून केबल कंपन्यांकडे जात आणि तेथून तारेने घरांत. पण केबल घेतलेली घरेच थोडी. पहिली चार-पाच वर्षे दुकान असे चालले की माल भरपूर आणि गल्लीत वर्दळ नाही.

वर्दळ आली १९८९ मध्ये. फेब्रुवारीत रुपर्ट मर्डॉक यांच्या स्कायने अ‍ॅस्ट्रा नावाच्या उपग्रहावरून आपली चॅनेल सुरू केली. आता तार नको, छपरावर छोटी तबकडी बसवली की झाले. टी.सी.सी.देखील अ‍ॅस्ट्रावर गेले. पुढे फ्लेक्सटेक नावाच्या कंपनीने ते आपल्या हातात घेतले.

येथे थोडे थांबून पैशाचा मार्ग समजून घेऊ. कपड्याच्या दुकानात बाप मुलाला घेऊन येतो. मूल हट्ट करते, बाप पैसे देतो आणि पैसे आपल्या गल्ल्यात पडतात. पैसे भरून बघायच्या चॅनेलमध्ये पसंत करणारे मूल, पैसे देणारा बाप, पण गल्ला तिसऱ्याचा. महिन्याची वर्गणी घेतो डिशवाला किंवा केबलवाला. कार्ड तो देतो, पत्ता त्याच्या वहीत असतो, वर्गणी थकली तर कार्ड बंद करणाराही तोच. त्यातून दर घरामागे ठरलेला हिस्सा तो चॅनेलला देतो. अनेक चॅनेलांचे एक पॅकेट बांधले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडे येते. बाकीची कमाई जाहिरातींची. मुलांच्या चॅनेलवर खेळणी आणि गोळ्या-बिस्किटांशिवाय जाहिरात द्यायला येणार कोण? खेळणीवाल्यांचा जोर नाताळापूर्वीच्या महिन्यांत. आपला कपड्याचा बाजार रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात जागा होतो, तसाच हा मामला.

आता मालाकडे वळू. टी.सी.सी.ने निवेदकांना घेऊन स्वतःचे काही कार्यक्रम केले, मुलांशी बोलण्याची त्याची एक तऱ्हा होती. पण दिवसभराचे तास भरायचे म्हणजे कार्टून आणि मालिका बाहेरून आणाव्या लागत. हा सौदा खरेदीचा नसतो, आपल्या फिकहच्या भाषेत सांगायचे तर तो इजारा आहे, भाड्याचा करार. अमुक कार्यक्रम, अमुक मुलखात, इतकी वर्षे, इतक्या वेळा दाखवायचा. मुदत संपली की माल मालकाकडे परत. करार रीतसर, त्यात गैर काही नाही. मात्र दहा वर्षे भाडे भरूनसुद्धा गोदामात एक थान आपले म्हणून उरत नाही.

मुलांच्या मालाचा एक गुण वाचकांनी ध्यानात घ्यावा. आमच्या साडीचे डिझाईन दोन हंगामांत शिळे होते. मुलांचे कार्टून शिळे होत नाही, कारण गिऱ्हाईकच बदलते. सहा वर्षांचे मूल बारा वर्षांचे होऊन निघून जाते आणि त्याच्या जागी नवे मूल येते, ज्याने यांतले काहीच पाहिलेले नाही. चाळीस वर्षांपूर्वी काढलेले चित्र त्याच्यासाठी आज सकाळचे असते. म्हणून या धंद्यात जुन्या मालाचा मालक बादशहा आहे. एकदा खर्च केला की पिढ्यानुपिढ्या कमाई. आम्हाला वाटते, टी.सी.सी.च्या भागीदारांना हे कळत नव्हते असे नाही. पण माल भाड्याने सहज मिळत होता तोवर निकड भासली नसावी. सहज मिळणारी गोष्ट विकत घेऊन ठेवण्याची बुद्धी फार थोड्यांना होते.

अमेरिकेत टेड टर्नर यांना झाली. त्यांनी १९८६ मध्ये एम.जी.एम.चा जुना चित्रसंग्रह घेतला, त्यात टॉम अँड जेरी होते. १९९१ मध्ये हॅना-बार्बेरा ही कंपनी घेतली, म्हणजे फ्लिन्टस्टोन्स, योगी बेअर, स्कूबी-डू सगळे आले. एवढे गोदाम भरल्यावर दुकान काढणे बाकी होते. १९९२ मध्ये अमेरिकेत कार्टून नेटवर्क निघाले आणि १७ सप्टेंबर १९९३ रोजी ते युरोपात उतरले.

तो सप्टेंबर महिनाच टी.सी.सी.साठी जड होता. १ सप्टेंबर १९९३ रोजी स्कायने अनेक चॅनेलांचे एक पॅकेट बांधून वर्गणी लावली. टी.सी.सी. त्या पॅकेटमध्ये गेले. त्याच दिवशी त्याच पॅकेटमध्ये निकेलोडियन सुरू झाले. ते अमेरिकेच्या व्हायाकॉमचे, आणि इंग्लंडात त्याचा भागीदार खुद्द स्काय. ज्याच्या फळीवर आपला माल मांडायचा, तोच शेजारच्या दुकानात पातीदार! १ ऑक्टोबर १९९५ रोजी डिस्ने चॅनेल आले आणि स्कायच्या सिनेमा चॅनेलांची वर्गणी भरणाऱ्यांना ते वर फुकट मिळू लागले. ऑक्टोबर १९९६ मध्ये फॉक्स किड्स आले. फॉक्स मर्डॉक यांचे, आणि स्कायमध्येही त्यांच्याच कंपनीचा मोठा हिस्सा. नऊ वर्षे जेथे एक दुकान होते तेथे तीन वर्षांत पाच झाली. नव्या चारही दुकानांच्या मागे स्वतःचे कारखाने होते. फळीवर, शिवाय, बी.बी.सी. आणि आय.टी.व्ही.चा माल वेगळी वर्गणी न घेता चालूच होता.

गुण कमी पडला असे आम्ही म्हणणार नाही. पण भाड्याने माल देणारे आता स्वतःच दुकानदार झाले होते. जो मालक स्वतःचे दुकान चालवतो तो आपला चांगला माल शेजाऱ्याला कशाला देईल? शेजाऱ्याला उरलेसुरले मिळते किंवा भाव चढतो. त्यात टी.सी.सी.ची उपग्रहावरची जागाही पुऱ्या दिवसाची नव्हती, संध्याकाळी तीच जागा दुसऱ्या चॅनेलला जाई.

येथे आमची एक गोष्ट सांगतो. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे एका गिरणीच्या सूटिंगची एजन्सी होती. दुकानावरचा बोर्ड गिरणीने करून दिला होता. गिरणीचे नाव दोन फुटी अक्षरांत, आमचे खाली कोपऱ्यात. आम्हाला त्याचा अभिमान होता. गिऱ्हाईक येई ते गिरणीचे नाव घेत येई आणि आम्ही समजत असू की ते आमच्याकडे येते. एके वर्षी गिरणीने त्याच रस्त्यावर स्वतःचे शोरूम काढले. त्या ईदला कोणते गिऱ्हाईक कोणाचे होते ते आठ दिवसांत कळले. आम्ही गिरणीला बोल लावला, पत्रे लिहिली. आज वाटते, बोर्ड वाचता येत असूनही आम्ही तो वाचला नव्हता. त्यानंतर थानाच्या काठावर आमच्या नावाचा ठप्पा मारून लुंगी आणि रुमाल काढले. पहिली दोन वर्षे खोट खाल्ली.

टी.सी.सी.ने काय केले? तोंड फिरवले. लहान मुलांची गर्दी सोडून थोड्या मोठ्या, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांकडे जायचे ठरले. त्यांच्यासाठी फ्लेक्सटेकने १९९७ मध्ये ट्रबल नावाचे वेगळे चॅनेल काढले. विचार चुकीचा नव्हता, त्या वयाचे दुकान कोणी काढले नव्हते. पण माल पुन्हा तसाच, बराचसा अमेरिकन मालिका, भाड्याच्या. जुन्या चॅनेलकडे सकाळचे तास उरले आणि एप्रिल १९९८ मध्ये तेही बंद झाले. कामगारांचा संप नाही, दिवाळे नाही. मालकाने हिशेब केला की ही जागा आणि हा पैसा दुसरीकडे जास्त कमावतील. ट्रबल २००९ पर्यंत चालले. फ्लेक्सटेकची चॅनेल पुढे व्हर्जिन मीडियाकडे गेली आणि २०१० मध्ये व्हर्जिनने आपला चॅनेलांचा सारा व्यवसाय विकला तो कोणाला? स्कायला, १६ कोटी पौंडांना. रस्त्याच्या मालकाने अखेर रस्त्यावरची दुकानेही घेतली.

कोणी विचारील, माल नसणाऱ्याने मग धंदाच करू नये काय? तसे नाही. आडत्या, दलाल, एजंट यांच्याशिवाय बाजार चालत नाही आणि त्यांची कमाई हलाल आहे. सवाल वेळ ओळखण्याचा आहे. आपल्या मुंबईतील यू.टी.व्ही.ने सप्टेंबर २००४ मध्ये हंगामा हे मुलांचे हिंदी चॅनेल काढले. हिंदुस्थानात कार्टून नेटवर्क १९९५ पासून आणि निकेलोडियन १९९९ पासून होतेच, डिस्नेदेखील डिसेंबर २००४ मध्ये आले. म्हणजे इंग्लंडातील तेच मातब्बर येथेही समोर. यू.टी.व्ही.ने दुकान जोरात असताना २००६ मध्ये ते डिस्नेलाच विकले. चालत्या दुकानाची किंमत येते, बंद दुकानाच्या फळ्या विकाव्या लागतात. टी.सी.सी.च्या मालकांना १९९३ मध्ये कोणी गिऱ्हाईक भेटले असते की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. पण विकायचे असते तर ते वर्ष होते, १९९८ नव्हे.

ज्यांचा माल स्वतःचा होता त्यांचेही पुढे काय झाले ते पाहावे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. फॉक्स किड्सचा धंदा २००१ मध्ये डिस्नेने घेतला. २००५ मध्ये त्या चॅनेलचे नाव जेटिक्स झाले, २००९ मध्ये डिस्ने एक्सडी. म्हणजे इंग्लंडात डिस्नेच्या हातात आता एकाहून अधिक दुकाने. तरी रस्ता अजून स्काय आणि व्हर्जिनचाच होता, आणि बापाचा पत्ता अजून त्यांच्याच वहीत. मार्च २०२० मध्ये डिस्नेने इंटरनेटवरून थेट घरात माल पोहोचवणारी डिस्ने प्लस ही सेवा इंग्लंडात सुरू केली. तिची वर्गणी बाप सरळ डिस्नेला देतो. त्या वर्षी स्काय आणि व्हर्जिन यांच्याशी चॅनेलांचा करार पुन्हा जुळला नाही. ३० सप्टेंबर २०२० रोजी डिस्ने चॅनेल, डिस्ने एक्सडी आणि डिस्ने ज्युनियर ही तिन्ही इंग्लंडातील चॅनेल बंद झाली. पंचवीस वर्षांचे दुकान एका रात्रीत उठले आणि सकाळी तोच माल दुसऱ्या दाराने त्याच घरांत गेला.