अठरा पूर्ण होण्याआधी

बाल कल्याण समितीच्या आदेशाने मध्य प्रदेशातल्या पाटनला आमच्या घरी एक मुलगा राहायला आला तेव्हा तो आठवीत होता. याला फॉस्टर केअर म्हणतात. दत्तक वेगळं, हे वेगळं. आम्ही पालक, पण तो अठरा वर्षांचा होईपर्यंतच.

अठरा पूर्ण झाल्यावर आयटीआय करायचं म्हणून त्याने जबलपूरला दमोह नाक्याजवळ खोली बघितली. गादी, भांडी, महिन्याचं धान्य, सगळं बांधून तयार होतं. अडलं ते कागदांवर. मध्य प्रदेशात शिष्यवृत्तीपासून रेशनपर्यंत समग्र आयडी लागतो आणि तो कुटुंबाच्या आठ अंकी आयडीशी जोडलेला असतो. याचं नाव अजून जन्मघराच्या यादीत, आणि ते घर केव्हाच मोडलेलं. बँकेतलं खातं अल्पवयीनाचं. नव्याने केवायसी झाल्याशिवाय पैसे निघेनात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला. घरमालक म्हणे, वडिलांची सही आणा. फॉर्म समोर ठेवून पोरगा विचारायचा, "काकू, मी कोणाचा म्हणून लिहू?"

या कचेरीतून त्या कचेरीत चकरा मारेपर्यंत प्रवेशाची तारीख उलटली. त्या हिवाळ्यात तो आमच्या भागातल्या मटाराच्या तोडणीवर गेला. मजुरीत कमीपणा नाही. पण हाती रोज पैसा यायला लागला की पुन्हा वर्गात बसणं जड जातं. तो पुढच्या वर्षी आयटीआयला गेला, कारण राहायला घर आणि जेवायला ताट होतं. बालगृहासारख्या संस्थेतून थेट रस्त्यावर आलेल्या मुलाला तेवढी सवलत कोण देणार?

असं मूल सांभाळणाऱ्यांना म्हणून सांगते.

पंधराव्या-सोळाव्या वर्षीच कागद हातात घ्या. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, मूळ निवासी प्रमाणपत्र, जातीचा दाखला असेल तर तोही. सगळीकडे नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर सारखी आहे ना, ते ताडून बघा. समग्रमधल्या नोंदीचं काय करायचं ते नगर परिषदेत किंवा पंचायतीत आधीच विचारा. आधारचा मोबाइल नंबर मुलाच्या स्वतःच्या वापरातला हवा.

समितीचे आदेश आणि मुलगा आधी संस्थेत राहिला असेल तर तिथला दाखला जपून ठेवा. २०१५च्या बाल न्याय कायद्यात अठरा वर्षांनंतरची मदत, म्हणजे आफ्टर केअर, 'संस्थेतून बाहेर पडलेल्यां'साठी आहे; वयाची मर्यादा २१, नियमांनुसार अपवाद म्हणून २३ पर्यंत. घरात वाढलेलं मूल या शब्दांच्या फटीतून निसटू शकतं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत या मदतीचे महिना ४,००० रुपये आहेत. मध्य प्रदेशात २०२२पासून मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना आहे. तिच्यात इंटर्नशिप किंवा व्यवसाय प्रशिक्षण घेणाऱ्याला महिना ५,००० रुपये मिळतात. आपला मुलगा यात बसतो का, ते तो सतरा वर्षांचा असतानाच जिल्हा बाल संरक्षण कार्यालयात विचारा. महाराष्ट्रात २०१८पासून शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण आहे, पण तिथेही आधी अनाथ प्रमाणपत्र लागतं.

पैसा हाताळायला घरात असतानाच शिकू द्या. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं खातं बँका उघडून देतात. आठवड्याचा बाजार त्याच्याकडे सोपवा. पैसे शनिवारी संपले तर रविवारी आपण भरून द्यायचे नाहीत. जे घरात आहे त्यात भागवायचं. वीजबिल भरणं, सरकारी दवाखान्यात स्वतः केसपेपर काढणं, भाड्याच्या करारातल्या अटी वाचणं, हे शेजारी उभं राहून एकदा दाखवलं की पुढच्या वेळी त्याला एकट्याला पाठवा.

आणि खोली घेतल्यावर पहिलं वर्ष त्याचं अंथरूण घरात राहू द्या. नोकरी सुटली, ताप आला, भांडण झालं तर कारण न विचारता राहता येईल, हे त्याला तोंडाने स्पष्ट सांगा. अशी मुलं आपणहून मागत नाहीत.

कचेरीतल्या माणसांना मात्र तोंडी काही सांगू नका. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. साहेब बदलून जातात. नवा माणूस फाइल उघडतो तेव्हा त्याला फक्त कागद दिसतो.