नांगराच्या जोडणीची खीळ

मृग तोंडावर आला असता खामगावकडील एका शेतकऱ्याच्या जुन्या ट्रॅक्टरास नांगर जोडणारी खालची खीळ झिजून मोडली. त्याने ती लोहाराकडे नमुन्यादाखल नेली. नवी खीळ तयार झाली. परंतु जोडणीत ती खडखडू लागली. आम्ही विद्यार्थ्यांसह जुनी खीळ कॅलिपरने मोजली, तो गोळा बसण्याच्या जागी २० मिलिमीटर आणि घर्षण पोहोचत नाही त्या कडेस २२! बिचाऱ्या लोहाराने झीजच हुबेहूब उतरविली होती.

ही तीन सांध्यांची जोडणी आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांची. १९३९ पासून फोर्डच्या ट्रॅक्टरांबरोबर तिचा मोठा प्रसार झाला. पुढे मापे ठरली: लहान ट्रॅक्टरांस खालच्या खिळा २२ व वरची १९ मिलिमीटर, त्याहून मोठ्यांस २८ व २५. म्हणून झिजलेल्या भागावरून माप कधी घेऊ नये.

खीळ मिळेना म्हणून वरच्या सांध्यास साखळी बांधून ओढ घेणे मात्र प्राणघातक होय. ओढ मागील आसाच्या वर गेली की पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकावरच उलटतो.

दुसरी खीळ आम्ही लेथवर कातून घेतली. टोकाच्या चापाचे भोक पाडावयाचे सर्वच विसरलो. ते दुसऱ्या दिवशी पाडले.