संगणकाची स्मृती आणि विस्मृती

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज मी मोबाइलवर भरत होते. बीबीच्या थांब्यावर मेहकरची एस. टी. यायला अवकाश होता. निम्मा अर्ज भरून झाला, उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो शोधायला दुसरीकडे गेले आणि परत येऊन पाहते तो अर्ज कोरा! असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. त्याची कारणे अनेक असू शकतात. त्यांतले एक मोठे कारण म्हणजे यंत्राची अपुरी स्मृती. स्मृती भरली की काय ठेवायचे व काय काढायचे, हे कोण ठरवते? कलाशाखेच्या विद्यार्थ्यानेही विचारावा असा हा प्रश्न आहे.

संगणकाजवळ दोन जागा असतात. एक मोठे पण संथ कोठार आणि दुसरी लहान पण चपळ स्मृती. काम चालते ते स्मृतीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची मुख्य स्मृती अवघी २०४८ शब्दांची होती. त्या पिढीच्या यंत्रांवर स्मृतीत काय ठेवावे याची चिंता आज्ञावली लिहिणाऱ्यालाच वाहावी लागे. १९६२ साली मँचेस्टरच्या 'ॲटलस' संगणकाने ही चिंता यंत्रावर सोपवली. स्मृतीचे सारख्या मापाचे तुकडे पाडले गेले. त्यांना 'पेज', म्हणजे पान, म्हणतात. पानांची ही व्यवस्था आज कार्यप्रणालीचा गाभा पाहतो. त्याचे नाव 'कर्नेल'.

आता आपल्या ग्रंथालयातले टेबल डोळ्यांसमोर आणा. टेबलावर तीनच पुस्तके मावतात, बाकीची कपाटात. नवे पुस्तक हवे तर एक परत ठेवलेच पाहिजे. कोणते? सर्वांत आधी आणलेले, हा सोपा नियम. समजा, पुस्तके या क्रमाने लागली: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. या नियमाने कपाटाकडे ९ फेऱ्या होतात. टेबल मोठे करून चार पुस्तकांची सोय केली, तर फेऱ्या कमी व्हाव्यात. पण त्या होतात १०! वाचकांनी कागद घेऊन पडताळून पाहावे. १९६९ साली बेलाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चमत्कारिक वर्तन दाखवून दिले. केवळ जागा वाढवून भागत नाही, नियमही शहाणा हवा.

सर्वोत्तम नियम कोणता, हे बेलाडी यांनी १९६६ सालीच मांडले होते: ज्याची गरज सर्वांत उशिरा पडणार, ते काढावे. अडचण एवढीच की त्यासाठी भविष्य कळावे लागते! म्हणून भूतकाळाकडे पाहायचे. जे फार दिवसांत हाताळले नाही ते पुढेही लागणार नाही, असे धरून तेच काढायचे. वरच्याच क्रमावर या नियमाने तीन जागांत १० व चार जागांत ८ फेऱ्या होतात. जागा वाढवल्याने फेऱ्या वाढण्याचा दोष या नियमात कधीच येत नाही.

परंतु प्रत्येक पान केव्हा हाताळले याची काटेकोर नोंद ठेवत बसले, तर मूळ काम राहूनच जाईल. म्हणून एक युक्ती काढली. पानाला हात लागला की एक खूण होते. कर्नेल फेरी मारताना खूण असलेले पान दिसले तर खूण पुसून त्याला आणखी एक संधी देते. पुढच्या फेरीतही ते बिनखुणेचे आढळले तर काढते. आपल्या अँड्रॉइड फोनमधील 'लिनक्स' कर्नेलने अनेक वर्षे पानांच्या दोन रांगा ठेवल्या: वापरातली आणि निवांत. डिसेंबर २०२२ मधील ६.१ आवृत्तीत त्याला आणखी एक पद्धत मिळाली; तीत पानांच्या पिढ्या पाडून जुन्या पिढीवर आधी नजर जाते.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. पुस्तकाची प्रत कपाटात असेल तर ते टेबलावरून खुशाल काढावे; पुन्हा आणता येते. पण वहीत आत्ताच लिहिलेला मजकूर दुसरीकडे कोठेच नसतो. अशी पाने कर्नेलला आधी अन्यत्र उतरवावी लागतात. फोनमध्ये बहुधा ती दाबून, घडी करून स्मृतीतच ठेवली जातात. तेवढ्यानेही भागले नाही, तर मागे पडलेले ॲपच बंद केले जाते आणि न साठवलेला मजकूर त्याच्याबरोबर जातो. माझा अर्ज बहुधा असाच गेला असावा.

महागड्या फोनवर ही वेळ क्वचित येते. खेड्यातल्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र बहुधा कमी स्मृतीचा, घरात चौघांनी वापरलेला फोन असतो. अर्जाची मुदत त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून दाखल्यांचे फोटो आधी काढून एका ठिकाणी ठेवावेत, माहिती कागदावर लिहून घ्यावी, मधली ॲपे बंद करावीत आणि साठवण्याची सोय असेल तेथे प्रत्येक टप्प्यावर मजकूर साठवावा. कर्नेलला आपल्या गरजेची निकड कळत नाही. आपण शेवटी कशाला हात लावला, एवढेच त्याला दिसते.