धमनीतलं कॅल्शियम आणि किटलीतला चुना

ॲन आर्बरच्या नळाला येणारं पाणी बहुतांशी ह्युरॉन नदीचं. ते जड असतं, म्हणून शुद्धीकरण केंद्रात त्यात चुना मिसळून बरंचसं कॅल्शियम खाली बसवतात. उरलेलं चहाच्या किटलीत पांढरा थर धरतं. त्यामुळे तपासणीच्या अहवालात ‘हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम’ असं वाचलं की तुम्हाला किटली आठवणार, आणि दूध, दही, नाचणी ताटातून हद्दपार होणार.

पण ही तुलना फसवी आहे. कॅल्शियम आणि फॉस्फेट रक्तात सदैव असतात. त्यांचे खडे भलत्या जागी धरू नयेत म्हणून शरीरानं पहारेकरी नेमलेत. त्यातलं मॅट्रिक्स ग्ला हे प्रथिन धमनीच्या भिंतीतच तयार होतं. १९९७ साली शास्त्रज्ञांनी काही उंदरांमधून त्याचा जनुक काढून टाकला. त्यांच्या धमन्या कॅल्शियमनं ताठ झाल्या आणि दोन महिन्यांच्या आत फुटल्या. त्या उंदरांनी दूध जास्त प्यायलं नव्हतं, पहारेकरी गेला होता! (या प्रथिनाला ‘के’ जीवनसत्त्व लागतं, पण म्हणून गोळ्या आणायला धावू नका. वॉरफरिन घेत असाल तर मुळीच नको.)

आजारी धमनीत कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं, दाह सुरू होतो, पेशी मरतात. त्यांच्यातून सुटलेल्या सूक्ष्म पिशव्यांवर पहिले स्फटिक धरतात. शिवाय भिंतीतल्या स्नायूपेशी चक्क हाडांच्या पेशींसारख्या वागू लागतात. १९९३ मध्ये लॉस एंजेलिसला लिंडा डेमर यांच्या गटाला अशा धमन्यांत हाड घडवणारं प्रथिन सापडलं. किटलीत असतो कॅल्शियम कार्बोनेट; इथे हाडादातांतलाच कॅल्शियम फॉस्फेट.

सीटी स्कॅनवर हे कॅल्शियम मोजायची ॲगॅटस्टन यांची पद्धत १९९० पासूनची. शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या दक्षिण आशियाई लोकांच्या अभ्यासात (नाव काय, तर ‘मसाला’!) आपल्या पुरुषांचं कॅल्शियम गोऱ्या पुरुषांइतकंच भरलं. शाकाहारानं आपण सुटलो, असं समजू नये.

एक गोष्ट मात्र हमखास घाबरवते. स्टॅटिन सुरू केल्यावर हा आकडा वाढू शकतो आणि तरीही झटक्याचा धोका घटतो. कारण पातळ आवरणातले बारीक कण आवरणावर ताण आणतात. मोठा, घट्ट थर सहसा फुटत नाही. तेव्हा वाढलेला आकडा पाहून गोळी परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.